रडून सुजलेले डोळे : थंड घडी हवी, घाई नको

रात्री रडत झोपी गेलेल्या माणसाला सकाळी आरशात आधी दिसतात ते सुजलेले, लाल डोळे. कार्यालय गाठायचे असते, घरात पाहुणे असतात आणि 'काय झाले?' या प्रश्नाला उत्तर देण्याची मनाची तयारी नसते. अशा वेळी औषधाच्या दुकानातून लाली घालवणारे थेंब आणून डोळ्यांत टाकण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात ही सूज बहुधा काही तासांत आपोआप उतरते. तिला हातभार लावणारे उपाय घरातच असतात. अपाय होतो तो बहुतेकदा घाईने केलेल्या उपायांमुळे.

सूज का येते?

डोळ्याच्या वरच्या, बाहेरच्या बाजूस अश्रुग्रंथी असते. एरवी अश्रू पापण्यांच्या आतील कोपऱ्यातील सूक्ष्म छिद्रांतून नाकात उतरतात. रडताना त्यांचे प्रमाण एवढे वाढते, की हा मार्ग अपुरा पडतो. अश्रू गालांवर ओघळतात आणि नाकही वाहू लागते. त्याच वेळी सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावल्याने डोळे लाल दिसतात. पापण्यांची त्वचा अतिशय पातळ असते आणि तिच्याखालील भाग सैल असतो, त्यामुळे तेथे द्रव चटकन साठतो. आडवे झोपल्यावर त्याचा निचरा मंदावतो, म्हणून सकाळी सूज अधिक जाणवते.

काय करावे?

• कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास हात धुऊन प्रथम ती काढावी.

• चेहऱ्यावर गार पाण्याचे हबके मारावेत आणि मऊ कापडाने तो हलकेच टिपावा. डोळे चोळू नयेत.

• स्वच्छ रुमाल गार पाण्यात भिजवून, पिळून, त्याची घडी मिटलेल्या पापण्यांवर दहा मिनिटे ठेवावी. थंडाव्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. बर्फ वापरायचा झाल्यास तो कापडात गुंडाळावा. थेट त्वचेवर लावू नये.

• फ्रिजमध्ये ठेवलेला चमचा किंवा काकडीच्या चकत्याही चालतात. गुण मुख्यतः थंडाव्याचा आहे.

• झोपताना डोक्याखाली एक उशी जास्त घ्यावी. पुरेसे पाणी प्यावे. लोणचे, पापड, वेफर्स असे खारट पदार्थ बेताने खावेत.

काय टाळावे?

लाली घालवणारे थेंब रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकुंचित करतात. ते वारंवार वापरल्यास परिणाम ओसरताच डोळे पूर्वीपेक्षा अधिक लाल होऊ शकतात. घरात उरलेले जुने थेंब तर टाकूच नयेत. त्यात स्टेरॉइड असल्यास आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीविना दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातील दाब वाढण्याचा व मोतीबिंदूचा धोका असतो. साधे गुलाबपाणी किंवा लिंबाचा रस डोळ्यांत घालू नये. सूज लपवण्यासाठी मूळव्याधीचे मलम पापण्यांना लावण्याचा सल्लाही कुणी देतात. तो मुळीच मानू नये. सूज उतरेपर्यंत काजळ दूर ठेवावे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

डोळा दुखणे, उजेड सहन न होणे, अंधूक दिसणे, चिकट स्राव येणे किंवा एकाच डोळ्याला सूज येणे ही रडण्याची लक्षणे नव्हेत. दोन दिवसांत सूज न उतरल्यासही नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. न रडताही रोज सकाळी डोळे सुजत असतील, पायांवरही सूज असेल, तर मूत्रपिंड किंवा थायरॉइडची तपासणी आवश्यक ठरू शकते.

रडणे हा आजार नव्हे. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहत असेल, झोप व भूक हरपली असेल, तर उपचारांची गरज डोळ्यांपेक्षा मनाला अधिक आहे, हे ओळखावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. सुजलेले डोळे लपवण्याआधी हा दूरध्वनी करणे काहींसाठी अधिक मोलाचे ठरेल.