थर आणि पाठ : स्टीफन हिस्लॉप यांची भूविद्या, श्रद्धा आणि लिंगोगीत

विज्ञान आणि ख्रिस्ती धर्म यांच्या परस्परसंबंधांचा विचार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून प्रामुख्याने संघर्षाच्या परिभाषेत होत आला आहे. जॉन विल्यम ड्रेपर यांचा या विषयावरील ग्रंथ १८७४ मध्ये आणि अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांचा द्विखंडी ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. धर्मपीठ आणि प्रयोगशाळा ही परस्परविरोधी सत्ताकेंद्रे होत, ही समजूत या ग्रंथांमुळे रूढ झाली. जॉन हेडली ब्रूक यांच्या १९९१ मधील अभ्यासानंतर विज्ञानेतिहासकारांनी ही चौकट जवळजवळ सोडून दिली असली, तरी तिच्या जागी समन्वयाची तितकीच सोपी चौकट उभी करण्याचा मोह शिल्लक राहिला आहे. श्रद्धा आणि संशोधन एकाच व्यक्तीच्या जीवनात नांदत असतात तेव्हा त्यांचे नाते कोठे शोधावे, हा प्रश्न त्यामुळे अनिर्णीत राहतो. व्यक्तीच्या तात्त्विक विधानांत ते शोधावे, की तिच्या दैनंदिन कामाच्या पद्धतीत?

या प्रश्नाच्या दृष्टीने नागपूर येथील स्कॉटिश मिशनरी आणि भूवैज्ञानिक स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) यांचे कार्य लक्षणीय ठरते. त्यांची दखल सामान्यतः तीन वेगवेगळ्या इतिहासांत घेतली जाते. मिशनच्या इतिहासात ते नागपूरच्या शाळेचे संस्थापक म्हणून येतात. भूविद्येच्या इतिहासात मध्य भारतातील जीवाश्मांचे संग्राहक म्हणून येतात. आणि मानववंशशास्त्राच्या इतिहासात गोंडांच्या लिंगोगीताचे पहिले मोठे लिखित रूप नोंदविणारे म्हणून येतात. हे तिन्ही इतिहास एकत्र वाचले, तर विश्वोत्पत्तीच्या एका कथनावर निष्ठा असलेला मनुष्य अन्य दोन कथनांची नोंद कशी करतो, हे पाहता येते. त्यांतील एक कथन खडकांचे आहे, दुसरे गोंडी गायकाचे.

१

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स येथे झाला. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च अस्तित्वात आले. या नव्या चर्चचे मिशनरी म्हणून हिस्लॉप १८४४ मध्ये भारताकडे निघाले आणि १८४५ च्या प्रारंभी नागपुरास पोहोचले. त्या वेळी नागपूर हे भोसल्यांचे राज्य होते. तिसऱ्या रघूजींच्या १८५३ मधील मृत्यूनंतर, १८५४ मध्ये, ते ब्रिटिश मुलखात विलीन झाले. हिस्लॉप यांची शाळा १८४६ मध्ये सुरू झाली. १८८३ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे महाविद्यालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

फ्री चर्चचा मिशनरी भूविद्येकडे वळतो, यात त्या काळाच्या दृष्टीने विसंगती नव्हती. या चर्चचे पहिले सभाध्यक्ष टॉमस चामर्स यांनी १८१४ मध्येच उत्पत्तीच्या पुस्तकातील पहिल्या दोन वचनांमध्ये अपरिमित काळाचे अंतर मानता येते, असा अन्वयार्थ मांडला होता. पृथ्वीचे प्राचीनत्व त्यामुळे शास्त्रवचनाच्या बाहेर जात नव्हते. चर्चचे मुखपत्र मानल्या जाणाऱ्या ‘द विटनेस’चे संपादक ह्यू मिलर हे स्वतः जीवाश्मांचे नामांकित अभ्यासक होते. ‘खडकांची साक्ष’ अशा अर्थाचे शीर्षक असलेला त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १८५७ मध्ये प्रसिद्ध झाला. चर्चच्या एडिंबरा येथील न्यू कॉलेजमध्ये १८४५ पासून जॉन फ्लेमिंग निसर्गविज्ञानाचे अध्यापन करीत होते.

या भूमिकेचे वेगळेपण समकालीन उदाहरणाशी तुलना केली असता स्पष्ट होते. फिलिप हेन्री गॉस या सागरी जीवांच्या श्रेष्ठ अभ्यासकाने १८५७ मध्येच ‘ऑम्फॅलॉस’ लिहून असा युक्तिवाद केला, की ईश्वराने पृथ्वी निर्माण केली ती भूतकाळाच्या खुणांसह. खडकांची साक्ष अशा प्रकारे निरुत्तर झाली, परंतु निरर्थकही झाली. एडमंड गॉस यांच्या ‘फादर अँड सन’ (१९०७) या आत्मकथनामुळे हा प्रसंग साहित्याच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे, आणि श्रद्धावान वैज्ञानिकाची शोकात्म प्रतिमा बव्हंशी त्याच पुस्तकाने घडविली आहे. गॉस यांना शास्त्रवचन वाचविण्यासाठी खडकाचा अर्थ रद्द करावा लागला. मिलर यांच्या परंपरेत खडक ही ईश्वराच्याच कार्याची साक्ष असल्याने ती मोडतोड न करता ऐकणे हे श्रद्धेचेही कर्तव्य ठरत होते. हिस्लॉप हे या दुसऱ्या परंपरेतले होत.

२

१८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे हिस्लॉप यांचे सहकारी म्हणून नागपुरास आले. पुढे इंग्लंडमध्ये ‘एन्सायक्लोपीडिक डिक्शनरी’ या बहुखंडी कोशाचे संपादक म्हणून प्रसिद्धीस आलेले हंटर ते हेच. १८५१ मध्ये टाकळी येथे या दोघांना जीवाश्म आढळले. आज टाकळी नागपूर शहराच्या पसाऱ्यात सामावलेली आहे. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळात गोड्या पाण्यातील शिंपले-शंख, फळे, बिया आणि कीटकांचे अवशेष होते. त्याचा अर्थ उघड होता. लाव्हाचा एक प्रवाह निवाल्यानंतर तेथे जलाशय निर्माण झाला, त्यात जीवसृष्टी नांदली, गाळ साचला आणि मग दुसऱ्या प्रवाहाने तो झाकला. दक्खनच्या कातळाच्या निर्मितीत दीर्घ विश्रांतीचे कालखंड होते, ही गोष्ट त्या पातळ गाळथरातून वाचता येत होती.

लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूरचनेवरील विस्तृत निबंध १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. मांगली येथे सापडलेल्या उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन त्याच वर्षी रिचर्ड ओवेन यांनी ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ या नावाने केले. टाकळीच्या कीटकांवर अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये आणि वनस्पतींच्या जीवाश्मांवर चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये लिहिले. ‘हिस्लोपाइट’ हे खनिजाचे आणि ‘हिस्लोपिया’ हे गोड्या पाण्यातील एका सूक्ष्म वसाहती जीवाचे नाव त्यांच्यावरूनच पडले. १८६० च्या निबंधात हिस्लॉप यांनी कातळामधील गाळथर तृतीयक कालखंडातील ठरविले. आजच्या अभ्यासानुसार त्यांतील पुष्कळ थर क्रिटेशस युगाच्या अखेरीचे, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपासचे आहेत. वरोऱ्याजवळील पिसदुरा येथे मिळालेली मोठी हाडे डायनोसॉरची असल्याचे पुढील संशोधनाने दाखविले. निष्कर्ष बदलले, पण स्थळ, थर आणि नमुना यांची नोंद काटेकोर असल्यामुळेच ते बदलता आले.

या निबंधांची शैली ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांचा लेखक धर्मप्रचारक आहे, हे त्यांतील युक्तिवादावरून ओळखता येत नाही. कोणत्याही थराचे स्पष्टीकरण प्रलयाच्या कथेने दिलेले नाही. याचा अर्थ श्रद्धा बाजूला ठेवली होती असा करणे सोपे आहे, परंतु अपुरे आहे. ज्या परंपरेत खडक स्वतःच साक्षीदार आहे, तेथे त्याच्या तोंडी आपले शब्द न घालणे हीच निष्ठा ठरते.

३

गोंडी गायकाच्या बाबतीत मात्र हा आधार उपलब्ध नव्हता. खडक ही ईश्वराची कृती होती. लिंगोगीत हे मिशनरीच्या दृष्टीने मूर्तिपूजक समाजाचे कथन होते. तरीही हिस्लॉप यांनी ते नोंदविले. त्या काळच्या इव्हँजेलिकल मानववंशविद्येत सर्व मानवजात एकाच मूळ दांपत्याची संतती असल्याचा सिद्धांत केंद्रस्थानी होता. भाषा आणि पुराकथा यांच्या तुलनेतून त्या एकतेचे दुवे मिळतील, अशी अपेक्षा होती. रॉबर्ट कॉल्डवेल या दुसऱ्या एका मिशनरीने १८५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्राविड भाषांच्या तौलनिक व्याकरणात गोंडीचा समावेश त्या कुळात केला होता. हिस्लॉप यांनी जमविलेल्या शब्दसूची याच ज्ञानव्यवहाराचा भाग होत.

हे काम त्यांच्या हयातीत प्रकाशित झाले नाही. १८६३ च्या पावसाळ्यात ते मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यास गेले होते. ४ सप्टेंबरच्या रात्री घोड्यावरून एकटे परतत असताना ते पुराच्या पाण्यात बुडून मृत्यू पावले. वयाची ४६ वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते. त्याच टाकळघाटचे शास्त्रीय उत्खनन पुढे शां. भा. देव यांनी केले. हिस्लॉप यांच्या हस्तलिखितांचे संपादन टेंपल यांनी करून ते १८६६ मध्ये नागपुरातून प्रसिद्ध केले. त्यात मध्य प्रांतातील आदिवासींविषयीचा निबंध, शब्दसूची आणि लिंगोगीताचा रोमन लिपीतील गोंडी पाठ इंग्रजी अर्थासह आहे.

गीताचे पाच भाग आहेत. सृष्टीची व गोंडांची उत्पत्ती आणि महादेवाने त्यांना गुहेत कोंडणे. लिंगोचा जन्म, जीवन आणि मृत्यू. त्याचे पुनरुज्जीवन आणि गोंडांची मुक्तता. गोंडांची कुळांत विभागणी आणि देवतांची स्थापना. आणि शेवटी विवाहविधींची स्थापना. निरपराध लिंगोवर खोटा आळ येतो, त्याचे भाऊ त्याला ठार करतात, अमृताने तो पुन्हा उठतो आणि आपल्या लोकांना बंदिवासातून सोडवितो. बायबलच्या वाचकाला या कथेत योसेफ, मोशे आणि ख्रिस्त यांची आठवण होणे अपरिहार्य होते. असे साम्य दिसताच पाठ त्याच्या बाजूने झुकविण्याचा मोह किती बलवान असतो, हे मिशनरी वाङ्मयाच्या अभ्यासकाला सांगावयास नको. मूळ गोंडी शब्द आणि त्यांचा अर्थ एकत्र छापले गेल्यामुळे या मोहाला निदान एक अडसर राहिला. अनुवादकाचा शब्द मूळ शब्दापुढे उभा करून तपासता येतो.

हा अडसर दूर झाल्यावर काय होते, हे लवकरच दिसून आले. कॅप्टन जेम्स फोर्साइथ यांनी मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील आपल्या १८७१ मधील ग्रंथात लिंगोगीताचे संक्षिप्त पद्यरूप दिले. त्यासाठी त्यांनी लाँगफेलो यांच्या ‘हायावाथा’चे (१८५५) वृत्त निवडले. लाँगफेलो यांनी ते वृत्त फिन्निश ‘कालेवाला’वरून घेऊन अमेरिकेतील मूलनिवासींच्या कथांना वापरले होते. तीन खंडांतील तीन समाजांचा मौखिक वारसा अशा रीतीने एकाच चालीत बसला, आणि ‘आदिम’ काव्याची एक सार्वत्रिक चाल असते असा भास निर्माण झाला. फोर्साइथ यांच्या शीर्षकात लिंगोला ‘सेंट’ ही उपाधी आहे. गोंडांना धर्म शिकविणारा आणि त्यांची कुळे लावून देणारा पूर्वज त्या एका शब्दाने ख्रिस्ती संतचरित्राच्या चौकटीत जातो. ही उपाधी शीर्षकात मिरविणारा फोर्साइथ धर्मप्रचारक नव्हता, वनखात्याचा अधिकारी होता. वैज्ञानिकाची श्रद्धा पाठ विकृत करते आणि श्रद्धेपासूनची अलिप्तता तो जपते, हे गृहीतक येथे टिकत नाही.

४

तथापि हिस्लॉप यांच्या नोंदीलाही मर्यादा आहेत, आणि त्या गंभीर आहेत. भूवैज्ञानिक निबंधांत नमुना कोठे व कोणत्या थरात मिळाला, याला जे महत्त्व आहे, ते लिंगोगीताच्या बाबतीत गायकाला मिळाले नाही. हे गीत परधानांच्या परंपरेतले. परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत गायक. यजमान, प्रसंग आणि श्रोते यांनुसार त्यांचे गायन बदलते. परंतु १८६६ च्या पुस्तकाने अभ्यासविश्वात ज्याची प्रतिष्ठा वाढविली, त्या गायकाचे नाव तुलनाकारांच्या ओठी कधीच आले नाही. खनिजाला आणि सूक्ष्म जीवाला संग्राहकाचे नाव मिळाले, गीतही ‘हिस्लॉप यांचा पाठ’ म्हणून ओळखले जाऊ लागले. नमुने लंडनला गेले, तसे गीत इंग्रजीत गेले. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ मधील जाति-जमातींच्या कोशानेही त्याच पाठावर भिस्त ठेवली. एका गायनाला अशा प्रकारे प्रमाण संहितेचे स्थान प्राप्त झाले.

या स्थानाला आव्हान मिळाले ते गोंडी समाजातूनच. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांनी पारी कुपार लिंगोच्या परंपरेची मांडणी गोंडी भाषा आणि कोया पुनेम यांच्या आधारे केली. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या गुहेला गोंडांच्या मुक्ततेचे स्थान मानून माघ पौर्णिमेला तेथे मोठा मेळा भरतो. या परंपरेत शंभूचे स्थान आणि गुहेच्या बंदिवासाचा अर्थ १८६६ च्या पाठातील महादेवकथेपेक्षा वेगळा आहे. तौलनिक अभ्यासकाने यांपैकी एका पाठाला मूळ आणि दुसऱ्याला उत्तरकालीन ठरविण्याची घाई करणे योग्य नव्हे. १८६६ चा पाठ हाही थरांचाच आहे: परधानाचे गायन, हिस्लॉप यांची नोंद, टेंपल यांचे संपादन आणि त्यावर चढलेले फोर्साइथ यांचे वृत्त. टाकळीच्या गाळथराचा काळ वरच्या आणि खालच्या कातळाच्या संदर्भात ठरतो. या पाठाचेही तसेच आहे.

हिस्लॉप यांच्या श्रद्धेने त्यांचे संशोधन श्रेष्ठ ठरले किंवा हीन ठरले, असा निवाडा या पुराव्यावरून देता येत नाही. दोन्ही कामांत एक सवय समान होती, एवढे मात्र म्हणता येते. साक्ष आपल्या मताच्या विरुद्ध असली तरी तिची नोंद पुढच्याला तपासता येईल अशी ठेवणे, ही ती सवय. खडकांच्या बाबतीत तिला त्यांच्या धर्मविचाराचे पाठबळ होते. गीताच्या बाबतीत ते नसतानाही ती पुष्कळ अंशी टिकली, आणि जेथे टिकली नाही तेथे साक्षीदाराचेच नाव गळले. टाकळीच्या जीवाश्मांचा काळ नव्याने ठरविणे शक्य झाले, कारण ते कोठून आले हे लिहून ठेवलेले होते. लिंगोगीताबाबत ते काम अपुरे राहिले आहे, आणि आजही गाणाऱ्या परधानांना आपले सहअभ्यासक मानल्याखेरीज ते पुरे होणार नाही.