गिरणगावचा धूर कोणाच्या वाट्याला?

१/ १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. पुढे परळ-लालबाग परिसर चिमण्यांनी भरून गेला. त्यांचा धूर मात्र साऱ्या शहराच्या वाट्याला सारखा आला नाही.

२/ दिवसा समुद्रावरून येणारा वारा मलबार हिलला स्वच्छच लागे. तोच वारा गिरण्यांचा धूर पूर्वेकडील वस्त्यांवर लोटी.

३/ पावसाळ्यात नैर्ऋत्य मोसमी वारे आणि सरी हवा धुऊन काढत. हिवाळ्याच्या रात्री वारा पडे, जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार हवेचे झाकण बसे आणि धूर चाळींभोवती कोंडून राही.

४/ १९१२ साली भट्ट्यांच्या धुरावर निर्बंध घालणारा कायदा मुंबईत आला. आज त्या गिरण्या उरल्या नाहीत. हिवाळ्यातले ते झाकण अजूनही शहरावर बसते.