वाकडा नॉब आणि १३७

१९५४ साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरचे नॉब नुसते दाबून बसवलेले असतात. खालच्या पॉटचा दांडा मधोमध चिरलेला. त्याचे दोन भाग दबले की नॉब तिरका होतो, डुगडुगतो. पातळ स्क्रूड्रायव्हरने फट हलकेच रुंदावली की काम झालं!

तरीही लोक सरळ पॉटच बदलतात. मी म्हणतो, आधी त्याची पाठ बघा. १३७६६१२ म्हणजे काय? १३७ ही सीटीएस कंपनी, साल १९६६, आठवडा बारावा. गंमत म्हणजे फेंडरने १९६६ मध्ये पॉट्सचा मोठा साठा घेतला आणि पुढे काही वर्षं वापरला. त्यामुळे गिटार 'त्याआधीची नाही' एवढंच कळतं. पण पॉट फेकलात तर तेवढा पुरावाही गेला.