कॉलेज बदललं, शिक्षण मधेच थांबलं तर क्रेडिटचं काय होतं? पदवीचे नियम कोण ठरवतं, जाणून घ्या

हिमायतनगर : विदर्भ आणि तेलंगणाच्या सीमेवरचा हा तालुका. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यातला उमरखेड तालुका लागतो. सोयरिकी दोन्ही काठांना आहेत, बाजारहाटही तसाच. पण पदवीच्या शिक्षणात ही नदी म्हणजे मोठी हद्द आहे. या काठची कॉलेजं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला संलग्न, तर त्या काठची संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला.

बी.ए.चं पहिलं वर्ष इथं करून लग्नानंतर ढाणकी किंवा उमरखेडला गेलेल्या मुलीचं ते वर्ष तिकडं धरलं जाईल का? दोन वर्षं शिकून कामासाठी पुण्याला किंवा हैदराबादला गेलेला मुलगा परत आला तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल का? नव्या शैक्षणिक धोरणात ‘क्रेडिट बँक’ आल्यामुळे हे सगळं आपोआप होतं, असा अनेकांचा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. क्रेडिट बँकेत जमा असणं वेगळं आणि ते पदवीत धरलं जाणं वेगळं. धरायचं की नाही, हे पदवी देणारं विद्यापीठ ठरवतं.

पदवीचे नियम कोण ठरवतं?

पदवीला किती क्रेडिट लागतील, कोणते विषय सक्तीचे, पास कधी आणि नापास कधी, यातलं काहीही कॉलेज स्वतःच्या मनाने ठरवत नाही. त्याच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची. देशभराची चौकट ती आखते. दुसरी पायरी राज्य शासनाची. महाराष्ट्राच्या उच्च व तंत्र शिक्षण विभागाने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवीची क्रेडिट रचना ठरवली, त्यात पुढे दुरुस्त्याही केल्या. स्वायत्त कॉलेजांत ही रचना २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू करण्याचं ठरलं.

तिसरी पायरी विद्यापीठाची. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार प्रत्येक विषयाचं अभ्यास मंडळ अभ्यासक्रमाचा मसुदा करतं. तो विद्याशाखेकडून विद्या परिषदेकडे जातो. कुलगुरू हे विद्या परिषदेचे अध्यक्ष असतात. परीक्षेचं कामकाज परीक्षा व मूल्यमापन मंडळ बघतं. त्यामुळे ‘हा पेपर तिकडच्या पेपरच्या बरोबरीचा आहे का’ या प्रश्नाचं उत्तर कॉलेजच्या खिडकीवर मिळत नाही, ते विद्यापीठाकडून यावं लागतं.

हद्द बदलत आली आहे

मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही. निजाम राजवटीत या भागातलं उच्च शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेलं होतं. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं आणि इथली कॉलेजं तिकडं गेली. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडचं विद्यापीठ वेगळं झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे आज त्याच्या कार्यक्षेत्रात येतात.

म्हणजे हिमायतनगरहून हदगाव, भोकर, नांदेड, लातूर किंवा वसमतला कॉलेज बदललं तर विद्यापीठ तेच राहतं. पेपर आणि क्रेडिट त्याच विद्यापीठाच्या नोंदीत असतात, म्हणून काम त्यामानाने सोपं. मात्र नव्या कॉलेजात आपले मेजर आणि मायनर विषय शिकवले जातात का आणि जागा शिल्लक आहे का, हे आधी बघावं लागतं. खरी अडचण येते ती विद्यापीठाची हद्द ओलांडताना.

क्रेडिट म्हणजे काय?

थिअरीचे साधारण १५ तास म्हणजे एक क्रेडिट. प्रॅक्टिकलला त्यासाठी ३० तास लागतात. एका सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट असतात. हिशोब असा :

- एक वर्ष : ४० ते ४४ क्रेडिट
- दोन वर्षं : ८० ते ८८ क्रेडिट
- तीन वर्षांची पदवी : १२० ते १३२ क्रेडिट
- चार वर्षांची ऑनर्स पदवी : १६० ते १७६ क्रेडिट

नुसती बेरीज जुळून पदवी मिळत नाही. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, ऑन जॉब ट्रेनिंग असे गट आहेत आणि प्रत्येक गटातले ठरलेले क्रेडिट भरावे लागतात. एका गटात जास्त झाले म्हणून दुसऱ्यातली तूट भरून निघत नाही. विद्यापीठ बदलणाऱ्याचे पेपर इथेच अडकतात. मेजर जुळतो, पण मायनर किंवा इलेक्टिव्ह तिकडं वेगळं असतं, मग काही पेपर नव्याने द्यावे लागू शकतात.

आणखी एक गोष्ट : क्रेडिट पास झालेल्या पेपरचंच मिळतं. एटीकेटीवर पुढच्या वर्षात गेलेल्या विद्यार्थ्याच्या राहिलेल्या पेपरचं क्रेडिट तो पेपर निघेपर्यंत जमा होत नाही.

शिक्षण मधेच थांबलं तर?

जुन्या पद्धतीत दोन वर्षं शिकून घरी बसलेल्याच्या हातात फक्त मेमो राहायचे. नव्या रचनेत पहिल्या वर्षानंतर थांबणाऱ्याला सर्टिफिकेट आणि दुसऱ्या वर्षानंतर थांबणाऱ्याला डिप्लोमा मिळण्याची सोय आहे. अट अशी की वर्षाच्या क्रेडिटशिवाय ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप जादा पूर्ण करावी लागते. ही अट बऱ्याच जणांना माहीतच नसते. परीक्षा दिली आणि गाव सोडलं, तर पास झालेले क्रेडिट राहतात, पण सर्टिफिकेट हाती येत नाही.

बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो आणि पदवी जास्तीत जास्त सात वर्षांत पूर्ण करावी लागते. ‘लेकरं मोठी झाल्यावर बघू’ म्हणणाऱ्या मुलींसाठी ही मुदत फार महत्त्वाची आहे.

एबीसी खातं : बँक आहे, पण भरणा कोण करतं?

अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे एबीसी, यूजीसीच्या २०२१ च्या विनियमांनी सुरू झाली. डिजिलॉकरवरून आधारच्या आधारे खातं उघडता येतं आणि १२ आकडी क्रमांक मिळतो. आता हाच क्रमांक ‘अपार’ नावाने ओळखला जातो. खात्यातले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं ग्राह्य राहतात. एकदा एका पदवीसाठी वापरलेले क्रेडिट दुसऱ्या पदवीला चालत नाहीत.

विद्यार्थ्याला स्वतःचे मेमो या खात्यात टाकता येत नाहीत. भरणा संस्थेकडूनच होतो. विद्यापीठाने माहिती चढवली नसेल किंवा नाव जुळलं नसेल, तर खातं उघडलेलं असूनही रिकामं दिसतं. आधारवर एक नाव आणि कॉलेजच्या नोंदीत दुसरं, हे नेहमीचं कारण. लग्नानंतर आधारवरचं नाव बदलण्याआधी जुन्या नावाने सगळे क्रेडिट जमा झालेत का, हे बघून घेतलेलं बरं.

निम्म्या क्रेडिटचा नियम

एबीसीच्या विनियमांत एक अट आहे : पदवी ज्या संस्थेची घ्यायची, तिथून किमान ५० टक्के क्रेडिट मिळवलेले असावेत. शिवाय मुख्य विषयाचे ठरलेले क्रेडिटही पूर्ण हवेत.

याचा अर्थ उदाहरणाने बघू. पदवी १३२ क्रेडिटची आहे. पहिल्या वर्षाचे ४४ क्रेडिट घेऊन एखादी विद्यार्थिनी दुसऱ्या विद्यापीठात गेली, तर उरलेले ८८ ती तिकडं मिळवेल. निम्म्याहून जास्त झाले, अट पूर्ण. पण तीच मुलगी दोन वर्षं इथं करून ८८ क्रेडिट घेऊन गेली, तर तिकडं फक्त ४४ उरतात, म्हणजे एक तृतीयांश. तीन वर्षांच्या पदवीला ते कमी पडतात. १७६ क्रेडिटची चार वर्षांची पदवी घेतली तर मात्र ८८ म्हणजे बरोबर निम्मे होतात.

म्हणून विद्यापीठ बदलणं अटळच असेल तर पहिल्या वर्षानंतर बदलणं सोयीचं. दोन वर्षं झाली असतील तर शक्यतो इथूनच तिसरं वर्ष काढावं. सासर उमरखेडला असलं तरी प्रवेश इथंच ठेवता येईल का, हजेरीचं काय, हे प्राचार्यांशी आधी बोलून घ्यावं. मुक्त विद्यापीठात जायचं असेल तरी मागचे किती क्रेडिट धरणार, हे प्रवेशाआधी विचारावं.

गाव सोडण्याआधी ही कामं करा

१. सगळ्या सेमिस्टरचे मेमो घ्या. झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा.

२. एबीसी खातं उघडून क्रेडिट दिसतात का ते तपासा. दिसत नसतील तर कॉलेजमार्फत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

३. झालेल्या विषयांचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. समकक्षता ठरवताना तो मागितला जातो.

४. कॉलेजची टीसी आणि विद्यापीठाचं मायग्रेशन, ही दोन वेगळी कागदपत्रं आहेत. विद्यापीठ बदलताना दोन्ही लागतात.

५. मायग्रेशन काढण्याआधी नव्या विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडून लेखी विचारून घ्या : किती क्रेडिट धरणार आणि कोणते पेपर नव्याने द्यावे लागणार? तोंडी ‘होऊन जाईल’वर टीसी काढू नका.

६. शिक्षण थांबवायचं असेल तर ४ क्रेडिटच्या जादा कोर्सची चौकशी करा आणि सर्टिफिकेट घेऊनच बाहेर पडा.

काम अडलं तर

यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणं बंधनकारक आहे. तक्रार मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत समितीने अहवाल द्यायचा असतो. त्यावर समाधान नसेल तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. कागद अडवून ठेवणं, निकाल न लावणं, क्रेडिट न चढवणं अशा बाबी लेखी मांडाव्यात. अर्जावर आसन क्रमांक, पीआरएन आणि एबीसी क्रमांक लिहावा, सोबत पोच जोडावी.

संलग्न कॉलेजांत २०२४ साली नव्या रचनेत आलेली तुकडी ही पहिलीच आहे. चौथं वर्ष करायचं की तीन वर्षांवर पदवी घ्यायची, हा निर्णयही या विद्यार्थ्यांनाच सर्वांत आधी घ्यावा लागणार आहे. संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर यूजीसीच्या चौकटीप्रमाणे पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के गुण लागतात. तेव्हा दर सेमिस्टरचा निकाल लागला की मेमो आणि एबीसी खातं समोरासमोर ठेवून क्रेडिट जुळतात का, एवढं बघायची सवय आतापासूनच लावून घ्यावी.