वैमानिकांची सेवाज्येष्ठता

विमान कंपनीच्या सेवेत प्रवेश केल्याच्या तारखेवरून वैमानिकाला मिळणारा अनुक्रम म्हणजे त्याची सेवाज्येष्ठता होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मोठ्या प्रवासी विमान कंपन्यांत वैमानिकाचे विमान, तळ, हुद्दा, रजा व दरमहाचे उड्डाण-वेळापत्रक प्रामुख्याने या अनुक्रमावरूनच ठरते.

या पद्धतीचा आदर्श रेल्वे कामगारांच्या संघटनांत आढळतो. १९३१ मध्ये डेव्हिड बेंकी याच्या पुढाकाराने ‘एअर लाइन पायलट्स असोसिएशन’ ही संघटना स्थापन झाली. पुढच्याच वर्षी सेंच्युरी एअर लाइन्सचा मालक ई. एल. कॉर्ड याने वेतनकपात जाहीर केल्याने तेथील वैमानिकांचा संप झाला. रेल्वे श्रमिक कायदा (१९२६) १९३६ मध्ये विमान कंपन्यांना लागू करण्यात आला व सामूहिक करारांना वैधानिक आधार मिळाला. कामाच्या वाटपात वरिष्ठांच्या मर्जीला वाव उरू नये, हा ज्येष्ठताक्रमामागील मुख्य हेतू होता. खराब हवेत उड्डाण नाकारणाऱ्यावर डूख धरणे त्यामुळे कठीण झाले.

नव्या वैमानिकाला मात्र या व्यवस्थेची झळ प्रथम लागते. दरमहा उड्डाणांचे गट जाहीर होतात आणि वैमानिक ज्येष्ठतेनुसार पसंती नोंदवितात. उरलेले ते कनिष्ठाच्या वाट्यास येते; पुष्कळदा काहीच उरत नाही. अशा वेळी तो ‘राखीव’ राहतो, म्हणजे बोलावणे येताच ठरावीक मुदतीत त्याला विमानतळावर हजर व्हावे लागते. सणासुदीच्या सुट्ट्या, शनिवार-रविवार त्याला क्वचितच मिळतात. त्याची प्रगती त्याच्या कौशल्यापेक्षा वरच्यांची निवृत्ती, कंपनीचा विस्तार आणि खाली होणारी भरती यांवर अवलंबून असते. डिसेंबर २००७ मध्ये निवृत्तीचे वय ६० वरून ६५ करण्यात आले, तेव्हा ज्येष्ठांना पाच वर्षे अधिक मिळाली, पण कनिष्ठांची वाट तुंबली. बढतीही निर्भेळ लाभाची नसते : ज्येष्ठ सहवैमानिक कॅप्टन झाला की त्या हुद्द्याच्या यादीत तळाशी जातो व पुन्हा राखीव होऊ शकतो. म्हणून कित्येक जण वेतनवाढ सोडून सोयीचे वेळापत्रकच राखतात.

हा अनुक्रम दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. १९९१ मध्ये ईस्टर्न व पॅन अमेरिकन या कंपन्या बंद पडल्यावर ज्यांना अन्यत्र नोकरी मिळाली, अशा अनुभवी कॅप्टनांनाही सामान्यतः तळापासून आरंभ करावा लागला.

कंपन्यांच्या विलीनीकरणात दोन याद्यांची सांगड घालणे हा सर्वांत कटू प्रश्न ठरतो. २००५ मध्ये यूएस एअरवेज व अमेरिका वेस्ट एकत्र आल्या. पहिलीतील अनेक जुने वैमानिक कामावरून कमी केलेले होते; दुसरीतील नवे कामावर होते. लवाद जॉर्ज निकोलाउ यांनी २००७ मध्ये वरचे सुमारे ५०० क्रम यूएस एअरवेजच्या वैमानिकांना दिले, परंतु कमी केलेल्यांना तळाशी ठेवले. परिणामी दीर्घ सेवेचे वैमानिक अलीकडे भरती झालेल्यांच्या खाली गेले. संतप्त बहुमताने २००८ मध्ये जुनी संघटनाच बदलली. खटले वर्षानुवर्षे चालले. २०१३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सशी विलीनीकरण झाल्यानंतर एकत्रित यादी नव्या लवादाकडून २०१६ मध्ये निश्चित झाली.