वऱ्हाडातल्या परसातील पिलांचा दाणा

गावठी कोंबडीचे पिलू सावकाश वाढते. अंड्यातून बाहेर येते तेव्हा ते तीसेक ग्रॅमचे असते, दोन महिन्यांनी पाव ते अर्धा किलो भरते आणि तलंग (तरुण मादी) अंड्यावर येते ती सहा महिन्यांच्या सुमाराला. बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील अमडापूरसारख्या गावांत ही संथ वाढ पूर्वी कोणाला खुपत नसे, कारण पिलाच्या पोटात जाणाऱ्या दाण्याला पैसे पडत नव्हते.

तो दाणा ज्वारीचा. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले, अमेरिकेतील यादवीच्या काळात (१८६१-६५) इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८७० मध्ये जलंब-खामगाव लोहमार्गही झाला. तरीही कापूस विकायला आणि ज्वारी खायला, कडबा बैलांना, ही वाटणी पुढे शंभर वर्षे टिकली. खळ्यावर मळणी-उफणणीत सांडलेले दाणे, सुपातून पाखडलेली कणी, जात्याभोवतीचा भरडा एवढ्यावर घरच्या कोंबड्या जगत. सुगीनंतर उबवलेली पिले म्हणूनच बरी वाढत. उन्हाळ्यात अंडी उष्णतेने नासतात आणि पावसाळ्यात पिले गारठतात, त्यामुळे खुडूक कोंबडी भुशाच्या टोपल्यात बसवायची ती थंडीच्या तोंडाला. एकवीस दिवसांनी पिले निघत.

केवळ ज्वारीवर मात्र पिलू वाढत नाही. ज्वारीत प्रथिने साधारण दहा टक्के असतात आणि कोवळ्या पिलाला लागतात वीस टक्क्यांच्या आसपास. ही तूट उकिरडा भरून काढी. कोंबडी पायाने शेणकचरा उकरते, अळी चोचीत धरून खाली टाकते, पुन्हा उचलते आणि ‘टुक टुक’ करत पिलांना बोलावते. वारूळ फोडून वाळवी पिलांपुढे टाकण्याची रीतही ग्रामीण भागात जुनी आहे. कोवळा पाला आणि ऊन अंगणात होतेच.

उकिरड्याची ही किंमत विज्ञानाला उशिरा कळली. नुसत्या दाण्याने भागत नाही, हे आधी दिसले: जावा बेटावर आइकमन या डच डॉक्टराने १८९० च्या दशकात कोंडा काढलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडताना पाहिले. जीवनसत्त्वांच्या शोधाची वाट त्यातून निघाली आणि त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गाईच्या शेणात पिलांची वाढ करणारे काहीतरी आहे, हे १९४० च्या दशकात अमेरिकेतील प्रयोगांत दिसले. पुढे १९४८ मध्ये वेगळे काढलेले ब-१२ जीवनसत्त्व शेणात असल्याचे कळले. आई पिलांना उकिरड्यावर नेत होती ते अगदी बरोबर होते.

अर्थात जुन्या पद्धतीला सोनेरी रंग देण्यात अर्थ नाही. घार, मुंगूस आणि मांजर यांच्या तावडीतून सुटलेली पिले मानमोडीत जात. हा रोग भारतात १९२० च्या दशकाच्या अखेरीस ओळखला गेला, कुमाऊंमधील राणीखेतचे नाव त्याला मिळाले, आणि लस येईपर्यंत गावेच्या गावे कोंबड्यांविना होत.

स्वातंत्र्यानंतर सरकारी केंद्रांतून ऱ्होड आयलंड रेड आणि व्हाइट लेगहॉर्न या विदेशी जातींचे रक्त गावात आले. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे सहा आठवड्यांत दोन किलोला पोचणारा ब्रॉयलर ओळखीचा झाला. परसासाठी बंगळुरूची गिरिराज, हैदराबादची वनराज अशा जाती निघाल्या. या पिलांची भूक त्यांच्या वाढीइतकीच मोठी असते. पहिले चार ते सहा आठवडे त्यांना ऊब आणि तयार खाद्य हवे; नुसत्या कणीवर ठेवली तर ती खुरटतात, पाय वाकतात, एकमेकांची पिसे उपटतात. सरकारी योजनेत चार आठवड्यांची, थोडी तगलेली पिले वाटतात ती याचसाठी.

याच काळात खळेही बदलले. १९९० च्या दशकापासून बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीन पसरले, ज्वारी मागे हटली आणि मळणी यंत्रावर गेली. सोयाबीनमध्ये प्रथिने चाळीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ज्वारीतली तूट भरण्याइतकी. पण कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे द्रव्य असते. सोयाबीन शिजवल्याशिवाय वाढीला उपयोगी पडत नाही, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्येच दाखवले होते. पिलांपुढे कच्चे सोयाबीन टाकले की स्वादुपिंड फुगते आणि वाढ खुंटते. भाजून भरडले तर तोच दाणा अंगी लागतो. सरकीच्या ढेपेतील गॉसिपॉलही कोवळ्या पिलांना बाधते. मका किंवा ज्वारीचा भरडा दोन-तीन भाग, भाजलेले सोयाबीन किंवा त्याची पेंड एक भाग, वर क्षार-जीवनसत्त्वांची पूड, असे मिश्रण घरीही जमते. शिंपल्यांचा चुरा मात्र तलंग अंड्यावर येईपर्यंत देऊ नये; जास्तीचे कॅल्शियम पिलांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.