जिन्यातल्या घंटा

वळवाचे ढग जमले की आपण आधी वाळवण उचलतो, मग लेकरांना हाका मारतो. शेतात असलो तर जीव मुठीत धरून घर गाठतो. आज आम्ही अशा एका घराची गोष्ट सांगणार आहोत, जिथं विजेचे ढग आले की जिन्यात आपोआप घंटा वाजायच्या.

हे घर अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातलं. काळ पावणेतीनशे वर्षांपूर्वीचा. तेव्हा तिथं इंग्रजांचं राज्य होतं. घर बेंजामिन फ्रँकलिन यांचं. मेणबत्त्या आणि साबण करणाऱ्याचा हा मुलगा, शाळा जेमतेम दोन वर्षांची. पुढे छापखाना काढून नावारूपाला आला. १७३१ साली त्यांनी मित्रांसोबत वर्गणीचं वाचनालय काढलं. आपल्या बचत गटासारखंच म्हणा ना! एकट्याला परवडत नाही ते सगळ्यांनी मिळून घ्यायचं.

या वाचनालयाला लंडनचे कापडाचे व्यापारी पीटर कॉलिन्सन यांनी १७४५ च्या सुमारास एक काचेची नळी पाठवली. नळी घासली की तिच्यात वीज साठायची, बोट जवळ नेलं की ठिणगी उडायची. केसांतून फिरवलेला प्लास्टिकचा कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तोच हा प्रकार. हाती पैसा आणि वेळ असलेल्या पुरुषांना तेव्हा अशा यंत्रांचं वेडच लागलं होतं. फ्रँकलिन यांचे मित्र फिलिप सिंग चांदीचे कारागीर. हाताने घासायचा त्रास नको म्हणून त्यांनी धार लावायच्या चाकासारखं, दांड्याने फिरवायचं यंत्र केलं. दुसरे मित्र किनर्स्ली शहरोशहरी पैसे घेऊन विजेचे प्रयोग दाखवू लागले.

आणि बाया कुठं होत्या? युरोपातल्या दिवाणखान्यांत एक खेळ चालायचा. बाईच्या अंगात वीज भरायची आणि तिचा मुका घ्यायला येणाऱ्याच्या ओठाला चटका बसला की सगळ्यांनी हसायचं. बाई प्रयोगात होती, पण प्रयोगाचं सामान म्हणून.

फ्रँकलिन यांनी ४२ व्या वर्षी छापखान्याचं रोजचं काम सोडलं आणि प्रयोगांना वेळ दिला. पण हा वेळ आला कुठून? त्यांची बायको डेबोरा हिने कितीतरी वर्षं दुकान सांभाळलं, छापलेली पुस्तकं घड्या घालून शिवली, कागद करणाऱ्यांसाठी जुन्या चिंध्या विकत घेतल्या. त्या घरात गुलाम म्हणून राबणारी माणसंही होती. त्यांचे कष्टही त्या वेळेत धरले पाहिजेत.

१७५२ साली फ्रँकलिन यांनी घरावर लोखंडी सळई उभी केली. तिची तार जिन्यातून खाली आणून विहिरीच्या पंपाच्या लोखंडाला जोडली. पण झोपायच्या खोलीच्या दारासमोर ती तार मधेच तोडून दोन्ही टोकांना एकेक घंटा लावली, मध्ये रेशमी दोऱ्याने पितळी गोळी टांगली. विजेचा ढग वर आला की गोळी या घंटेवरून त्या घंटेवर आपटायची. प्रयोगाची वेळ झाली, हे त्यांना त्यावरून कळायचं.

पुढे १७५७ मध्ये ते कामासाठी लंडनला गेले. डेबोरा आणि घंटा घरीच राहिल्या. घंटांची तिला भीती वाटते हे साता समुद्रापार त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा १७५८ मध्ये त्यांनी पत्रातून उपाय कळवला. एका घंटेपासून दुसरीपर्यंत तारेचा तुकडा बांध, म्हणजे वीज आवाज न करता निघून जाईल. बस्, इतकंच! एका तारेचं काम. पण तोवर आभाळ भरलं की त्या आवाजाखाली ती राहिली होती.

हे वाचलं तेव्हा आम्हाला आमचीच बैठकीची जागा आठवली. त्या इमारतीवर वीज अडवायची सळई आहे. ‘सळई आहे, मग काय भीती?’ म्हणून आम्ही पावसात तिथं निवांत बसायचो. एकदा आमच्यातल्या एका काकूंनी विचारलं, “ही तार खाली जाते कुठं?” मागं जाऊन बघितलं तर तार कंबरेच्या उंचीवर कुणीतरी कापून नेलेली. वर सळई, खाली जमिनीशी नातंच नाही. अशी सळई काय कामाची? उलट धोकाच. आम्ही लेखी अर्ज दिला आहे. तार अजून बसायची आहे. तोवर ढग आले की बैठक दुसरीकडे.

तुमच्या गावातही शाळेवर, देवळावर सळई असेल तर तिची तार जमिनीत जाते का, ते एकदा डोळ्यांनी बघा. मात्र हात लावू नका. रानात असताना आभाळ गरजलं तर झाडाखाली थांबू नका, पक्कं घर गाठा. तेही जमलं नाही तर पाय जुळवून उकिडव्या बसा, आडव्या पडू नका.

यंत्र कुणीही बसवलेलं असो, त्याच्याखाली राहणारीने ‘हे चालतं कसं?’ विचारायलाच हवं. काकूंनी विचारलं, म्हणून आम्हाला कळलं.